हडसनच्या शाळेतून यीस्टच्या पेशीत: एका चित्राचा प्रवास



पत्रिकेवर आजचा विषय जरा भारदस्त छापला गेलाय, ‘ज्ञानशाखांमधील देवाणघेवाण’. घाबरू नका. मी फक्त एका चित्राबद्दल बोलणार आहे आणि ते चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कागदावर काही ठिपके, आणि त्या ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा. ठिपक्यांची रांगोळीच म्हणा, फक्त इथे ठिपके ओळीत नसतात.

इथे बी.एड. झालेले कोण कोण आहेत? बरेच दिसतायत. मग तुम्हाला ‘समाजमिती’ आठवत असेल. वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारायचं, तुला कुणाशेजारी बसायला आवडेल, तीन नावं लिही. मग कार्डशीटवर मुलांचे ठिपके काढायचे, निवडीचे बाण काढायचे. ज्याच्याकडे भरपूर बाण येतात तो ‘तारका’, आणि ज्याच्याकडे एकही येत नाही तो ‘एकलकोंडा’. फाइल द्यायची, सही घ्यायची, मार्क मिळतात. मीही केलंय. माझ्या फाइलकडे शेवटी येतो.

गंमत अशी, की शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढलेलं हेच चित्र आज इंटरनेटचा अभ्यास करणारा अभियंता काढतो, आणि पेशीतल्या प्रथिनांचा अभ्यास संगणकावर करणारा जीवशास्त्रज्ञही काढतो. गणितही बहुतांशी तेच वापरतात. एक चित्र इतक्या घरांत कसं नांदायला गेलं, आणि जाताना माहेरचं काय काय मागे राहिलं, हे मला सांगायचं आहे.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीकाठी, हडसन नावाचंच गाव आहे. तिथे मुलींसाठी एक सरकारी ‘ट्रेनिंग स्कूल’ होतं. नाव शाळेचं, काम सुधारगृहाचं. न्यायालयाने पाठवलेल्या किशोरवयीन मुली तिथे राहायच्या. ‘कॉटेज’ म्हणत अशा वेगवेगळ्या घरांत त्यांची विभागणी केलेली असे. १९३२ च्या शरद ऋतूत या शाळेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. नेहमीच्या प्रमाणाच्या तीसपट! आता अशा वेळी कुठल्याही संस्थेत काय होतं? मुली वाईट चालीच्या आहेत, कुणाच्या तरी घरचं वळण वाईट आहे, पहारा वाढवा.

तिथे जेकब मोरेनो नावाचा मनोविकारतज्ज्ञ संशोधन करत होता. जन्म बुखारेस्टचा, वाढला व्हिएन्नात, १९२५ मध्ये अमेरिकेत आला. मोठा नाटकी माणूस. सायकोड्रामा ही उपचारपद्धती त्याचीच. त्याच्याबरोबर हेलन जेनिंग्ज ही मानसशास्त्रज्ञ होती. पद्धतशीर कामाचा बराच भार तिने उचलला, नाव मात्र मोरेनोचं झालं. (हे आपल्याला नवीन नाही.) या दोघांनी शाळेतल्या प्रत्येक मुलीला विचारलं, तुला कुणाबरोबर राहायला आवडेल? कुणाबरोबर काम करायला आवडेल? आणि त्या उत्तरांचा नकाशा काढला. मोरेनोचं म्हणणं असं, की पळण्याचं कारण एकेका मुलीच्या स्वभावात शोधू नका. ती या नकाशात कुठे बसते ते बघा. पळून जाण्याची कल्पना मैत्रीच्या रेषांवरून एकीकडून दुसरीकडे गेली, आणि मुलींना स्वतःलाही त्याची पुरती जाणीव नसावी.

१९३३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला एका वैद्यकीय परिषदेत हे तक्ते मांडले गेले, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याची ठळक बातमी केली: भावनांचा नवा भूगोल तयार होतोय. ब्रुकलिनमधल्या एका शाळेच्या वर्गांचेही असे तक्ते होते. मुलगे त्रिकोण, मुली वर्तुळं. चौथीच्या वर्गाचं चित्र पाहिलं तर त्रिकोण एका अंगाला, वर्तुळं दुसऱ्या, आणि मधून जाणाऱ्या रेषा जवळपास नाहीत. कुठल्याही शिक्षकाला हे तोंडी माहीत असतं, पण ते कागदावर दिसलं याची लोकांना नवलाई वाटली. १९३४ मध्ये मोरेनोचं ‘हू शॅल सर्व्हाइव्ह?’ हे पुस्तक आलं आणि १९३७ मध्ये त्याने ‘सोशिओमेट्री’ नावाचं नियतकालिक काढलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मोरेनोची एक अट होती. नुसतं विचारायचं नाही. मुलगी जर म्हणाली की मला अमकीबरोबर राहायचंय, तर त्या उत्तराचा तिच्या राहण्यावर खराखुरा परिणाम झाला पाहिजे. हडसनमध्ये मुलींना कॉटेज ठरवून देताना या निवडी वापरल्या गेल्या. परिणाम होणार नसेल तर लोक खरं सांगत नाहीत, आणि तशा उत्तरांना मोरेनो आपली पद्धत म्हणायलाच तयार नव्हता.

आणि तरी, त्या परिणामालाही एक भिंत होती. हडसनमध्ये काळ्या मुलींना वेगळ्या कॉटेजमध्ये ठेवलं जाई. मोरेनोच्या पाहणीनंतर, १९३३ मध्ये, याच शाळेत एक अनाथ मुलगी आली: एला फिट्झजेराल्ड. हो, तीच, पुढे जगभर गाजलेली जॅझ गायिका. १९९६ मध्ये एका वृत्तपत्राने जुने कागद आणि जुनी माणसं शोधून जे छापलं त्यातून कळलं, की काळ्या मुलींची कॉटेजेस सर्वांत दाटीची आणि पडकी होती, तिथे मारहाण चाले, आणि शाळेच्या गायनवृंदात एलाला जागा नव्हती, कारण वृंद फक्त गोऱ्या मुलींचा होता. कागदावरची रेषा कुठेही जाऊ शकत होती. राहायची खोली त्या भिंतीपलीकडे जाऊ शकत नव्हती. ‘तुला कुणाबरोबर राहायचंय’ या प्रश्नाच्या आधीच कुणीतरी अर्धं उत्तर लिहून ठेवलेलं होतं.

आता आपण शिकागोला जाऊ, कारण या चित्राला गणित तिथे मिळालं, आणि तेही जीवशास्त्राच्या अंगणात. शिकागो विद्यापीठात निकोलस राशेव्हस्कीने ‘गणिती जीवशास्त्र’ असा गट उभा केला होता. तेव्हाचे बरेच जीवशास्त्रज्ञ त्याला हसत. त्या गटात अनातोल रॅपोपोर्ट होता. रशियन साम्राज्यात जन्म, व्हिएन्नात पियानोचं शिक्षण, मैफली केल्या, आणि मग तिशीत गणिताकडे वळून डॉक्टरेट. मला हा माणूस फार आवडतो. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पहिलं ‘टीच-इन’ १९६५ साली मिशिगनला झालं, त्यातही तो होता. असो.

१९५१ मध्ये रॅपोपोर्ट आणि रे सोलोमोनॉफ यांनी गणिती जीवभौतिकीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. समजा या सभागृहात प्रत्येकाने डोळे मिटून कुणाकडेही दोऱ्या फेकल्या. मग एका माणसापासून निघून दोऱ्या-दोऱ्यांनी किती जणांपर्यंत जाता येईल? त्यांच्या डोळ्यांसमोर चेतापेशी होत्या, रोगाची साथ होती. उत्तर मोठं चमत्कारिक निघतं. माणशी सरासरी एकापेक्षा कमी दोरी असेल तर लहान लहान पुंजके राहतात, तुम्ही फार लांब जातच नाही. एकाच्या वर गेलात की एकदम मोठा घोळका जोडला जातो. माणशी दोन दोऱ्या झाल्या की जवळजवळ ८० टक्के सभागृह तुमच्या आवाक्यात येऊ शकतं. पॉल एर्देश आणि आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी १९५९-६० मध्ये यावर पायाभूत काम केलं आणि गणितात त्यांची नावं लागली. जीवशास्त्राच्या नियतकालिकात आधी आलेलं कुणी वाचणार?

पण रॅपोपोर्टला कळत होतं, की खरी माणसं डोळे मिटून दोऱ्या फेकत नाहीत. म्हणून तो आणि विल्यम हॉरव्हाथ पुन्हा शाळेत गेले. मिशिगनमधल्या एका शाळेतल्या शेकडो मुलांना सांगितलं, आपल्या आठ मित्रांची नावं क्रमाने लिहा. १९६१ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या दोन, म्हणजे सर्वांत जवळच्या मित्रांच्या रेषा धरून चालत गेलं तर तुम्ही लवकरच अडकता. का? कारण माझ्या जिवलग मित्राचा जिवलग मित्र बहुधा मीच असतो, किंवा आमच्यातलाच तिसरा. मधल्या सुट्टीत एकत्र डबा खाणारं टोळकं. सातव्या-आठव्या क्रमांकाच्या मित्रांच्या रेषा धरल्या, तर मात्र शाळाभर फिरून येता येतं. बारा वर्षांनी, १९७३ मध्ये, मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने जेमतेम ओळखींचं बळ दाखवणारा आपला गाजलेला लेख लिहिला, त्यात या शाळेचा आधार आहे. नोकरीची बातमी सख्ख्या मित्राकडून येण्यापेक्षा लांबच्या ओळखीतून येते, हे आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. त्याच्या मुळाशी सातवी-आठवीतल्या पोरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत.

मिलग्रॅमचं तुम्हाला माहीतच असेल, म्हणून थोडक्यात. स्टॅन्ली मिलग्रॅम, मानसशास्त्रज्ञ. १९६७ मध्ये त्याने ‘सायकॉलॉजी टुडे’त लिहिलं: नेब्रास्कासारख्या ठिकाणच्या लोकांना पाकिटं द्यायची, आणि बॉस्टनजवळच्या एका अनोळखी माणसापर्यंत फक्त ओळखी-ओळखीतून ती पोचवायची. सविस्तर निबंध १९६९ मध्ये आला, आणि कुठे? मोरेनोने काढलेल्या ‘सोशिओमेट्री’तच. मध्यस्थांची सरासरी ५.२ निघाली. त्याचं पुढे ‘कुणीही कुणापासून सहा पावलांवर’ असं सुभाषित झालं.

त्याच दशकात, पूर्णपणे वेगळ्या काळजीतून, पॉल बॅरन नावाचा अभियंता रँड या संस्थेत ठिपके आणि रेषा काढत होता. काळजी अणुयुद्धाची. टेलिफोनचं जाळं मोठ्या केंद्रांवर टांगलेलं. दोन-चार केंद्रं उडवली की संपर्क तुटला. त्याने तीन चित्रं शेजारी शेजारी मांडली: एका केंद्राचं, अनेक केंद्रांचं आणि कोळ्याच्या जाळीसारखं, ज्यात केंद्रच नाही. मेंदूचा एखादा भाग बिघडला तरी बाकीचा मेंदू वाट काढतो, याबद्दल तो वॉरन मॅककुलक या चेताशास्त्रज्ञाशी बोलला होता. निरोपाचे तुकडे करायचे आणि मिळेल त्या वाटेने पाठवायचे, ही कल्पना त्याने १९६४ मध्ये तपशिलात लिहिली. टेलिफोन कंपनीने ती उडवून लावली. १९६९ मध्ये चार संगणकांचं अर्पानेट सुरू झालं. ज्या सरकारी कचेरीतून त्याला पैसा मिळाला, तिचा पहिला प्रमुख जे. सी. आर. लिकलायडर हा शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ होता. त्याचं मूळ काम ऐकण्याच्या क्रियेवरचं.

म्हणजे बघा, साठच्या दशकात शाळा, टपाल आणि संगणक, तिन्हीकडे ठिपके आणि रेषा आहेत. पण ही मंडळी एकमेकांची फारशी वाचक नव्हती. गाठ पडली १९९८ मध्ये. कॉर्नेल विद्यापीठात डंकन वॉट्स हा विद्यार्थी रातकिडे एका सुरात कसे ओरडतात यावर काम करत होता. कोण कुणाचं ऐकतो, हा प्रश्न आला. त्यातून त्याला ती सहा पावलांची गोष्ट आठवली, आणि त्याने व त्याचे मार्गदर्शक स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी ‘नेचर’मध्ये जेमतेम तीन पानांचा निबंध लिहिला. एका बारीक कृमीच्या चेतापेशी, पश्चिम अमेरिकेचं विजेचं जाळं आणि सिनेमातले दोन लाखांहून अधिक नट, तिन्ही जाळ्यांत एकच लक्षण: टोळकी घट्ट, आणि तरी जग लहान. त्या कृमीच्या ३०२ चेतापेशींची जोडणी नोंदवायला केंब्रिजच्या गटाला कित्येक वर्षं लागली होती. अतिशय पातळ चकत्यांचे सूक्ष्मदर्शकातले फोटो, आणि एकेक रेषा डोळ्यांनी तपासलेली. ते काम १९८६ मध्ये छापलं गेलं. ते नसतं तर ही तीन पानंही नसती.

मग पूरच आला. १९९९ मध्ये आल्बर्ट-लाझ्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी दाखवलं, की वेबसारख्या जाळ्यांत बहुतेक ठिपक्यांना मोजक्या रेषा आणि थोड्यांना प्रचंड. त्याच वर्षी फालुत्सोस आडनावाच्या तीन भावांनी इंटरनेटच्या यंत्रांबद्दल तेच म्हटलं. २००० मध्ये बाराबाशींच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं: अशा जाळ्यातला कुठलाही ठिपका सहज काढला तर काही बिघडत नाही, पण मोठे ठिपके निवडून काढले तर जाळं कोसळतं. इंटरनेटची दुखरी नस सापडली! वर्तमानपत्रांना आणखी काय पाहिजे?

आणि २००१ मध्ये यीस्ट. पावात घालतो ते. त्याची १,८७० प्रथिनं, त्यांच्यातल्या २,२४० रेषा. रेषा म्हणजे ही दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात. पाच किंवा कमी रेषा असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २१ टक्केच जीवनावश्यक होती. म्हणजे ती काढली तर पेशी मरते. पंधराहून अधिक रेषा असलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के. अर्थ काय? पेशीतही ‘तारका’ असतात, आणि तारका काढली की पेशी जात नाही, मरते. औषध शोधणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. रोगजंतूतली तारका शोधा, तिच्यावर घाव घाला.

हडसनच्या शाळेतलं चित्र असं यीस्टच्या पेशीत पोचलं. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारावून गेलो होतो, वर्गात पोरांना रंगवून सांगायचो. नंतर हळूहळू दुसरी बाजू वाचायला मिळाली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते.

इंटरनेटचं घ्या. फालुत्सोस बंधूंनी वापरलेल्या यंत्रांच्या नकाशाची माहिती मुळात पान्सियो आणि ग्राद या दोन फ्रेंच संशोधकांनी गोळा केली होती, वेगळ्याच कामासाठी: एक निरोप अनेकांना पाठवताना वाटांचं झाड कसं दिसतं ते बघायला. त्यांचं हत्यार होतं ट्रेसराउट. समजा पुण्याहून नांदेडला एसटीने जाताना खिडकीतून प्रत्येक थांब्यावरची पाटी वाचली, अशा शे-दोनशे प्रवासांच्या पाट्या जमवल्या, आणि त्यावरून महाराष्ट्राच्या रस्त्यांचा नकाशा काढला. एका गावाच्या दोन टोकांना दोन पाट्या असल्या तर तुम्ही दोन गावं मोजणार. रात्री झोप लागली तर मधली दहा गावं गायब, आणि दोन लांबच्या गावांमध्ये सरळ रस्ता! इंटरनेटमध्ये अगदी असं होतं. एका यंत्राला अनेक पत्ते असतात. काही जाळी आतून झाकलेली असतात, आणि अख्खं जाळं एकच प्रचंड ठिपका म्हणून दिसतं. आणि मोजक्या ठिकाणांवरून पाहिलं, तर पाहणाऱ्याच्या जवळचे रस्ते भरपूर दिसतात, लांबचे निसटतात. २००३ मध्ये दाखवलं गेलं, की मुळात साधंसरळ असलेलं जाळंही अशा पाहणीत ‘थोड्यांकडे प्रचंड’ असं भासू शकतं. पान्सियो आणि ग्राद यांना आपल्या माहितीच्या उणिवा माहीत होत्या, त्यांनी लिहूनही ठेवल्या होत्या. पुढच्यांनी आकडे उचलले. त्या ओळी तिथेच राहिल्या.

जाळं प्रत्यक्ष उभारणाऱ्या अभियंत्यांना तर हसूच येत होतं. मध्यभागातलं यंत्र प्रचंड वेगाचं असतं, म्हणून त्याला मोजक्याच, जाड वाहिन्या जोडता येतात. खंडीभर बारीक जोडण्या असतात त्या कडेच्या यंत्रांना, गिऱ्हाइकांकडच्या. ते बंद पडलं तर एखाद्या वस्तीचं नेट जाईल, देश कोसळत नाही. २००५ मध्ये डॉइल, विलिंजर वगैरेंनी हे रीतसर मांडलं.

यीस्टची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. २००८ मध्ये एका मोठ्या गटाने थेट जोड्यांची अधिक काटेकोर तपासणी केली, तेव्हा रेषांची संख्या आणि जीवनावश्यकता यांतलं ते नातं दिसेनासं झालं. मग आधी का दिसलं होतं? एक कारण अगदी माणसाळलेलं आहे. जी प्रथिनं महत्त्वाची म्हणून ठाऊक होती, त्यांच्यावर प्रयोगशाळांनी जास्त काम केलं होतं, म्हणून त्यांच्या रेषा जास्त सापडल्या होत्या. ज्याच्याकडे सगळे बघतात त्याच्या ओळखी जास्त मोजल्या जातात.

आणि मिलग्रॅम? अलास्कातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक ज्युडिथ क्लाइनफेल्ड यांना तो प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचा होता, म्हणून त्यांनी येल विद्यापीठातले त्याचे जुने कागद पाहिले. २००२ मध्ये त्यांनी लिहिलं: कॅन्ससहून सुरू केलेल्या पहिल्या पाहणीत ६० पैकी फक्त तीन पाकिटं पोचली होती. १९६९ च्या निबंधातही, जी २१७ पाकिटं पुढे निघाली त्यांतली ६४ पोचली. ‘५.२’ ही सरासरी पोचलेल्यांची. न पोचलेल्यांची पावलं कोण मोजणार?

मी काही हे संशोधक खोटे होते असं म्हणत नाही. चित्र उचलून दुसऱ्या शाखेत नेणं, हे धाडसाचं आणि उपयोगाचं काम आहे. रॅपोपोर्टने तेच केलं. पण तो दर वेळी परत शाळेत जाऊन विचारत होता, ही रेषा कशी मिळाली? मैत्री म्हणजे पहिलं नाव की आठवं? मोरेनो तर त्याही पुढे, उत्तर दिल्यावर त्या मुलीचं काय होणार, इथपर्यंत जात होता. रेषेमागचा हा प्रश्न गाठोड्यात बांधला गेला नाही.

आता माझी फाइल. बी.एड.च्या सरावपाठांत सातवीचा एक वर्ग माझ्याकडे होता. मी चिठ्ठ्या घेतल्या, तक्ता काढला, लाल-निळे बाण, स्केचपेनने. एका मुलाकडे एकही बाण नव्हता. त्याच्या ठिपक्याखाली मी नीट अक्षरात ‘एकलकोंडा’ असं लिहिलं. त्याने स्वतः तीन नावं लिहिली होती, तीन बाण बाहेर जात होते. त्या तिघांपैकी एकाच्या शेजारी त्याला बसवावं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि पाठ्यपुस्तकातही कुठे सांगितलेलं नव्हतं. तक्त्यावर ‘आकर्षक मांडणी’ असा शेरा मिळाला. सराव संपेपर्यंत तो मुलगा त्याच बाकावर बसत होता, खिडकीच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊया. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता.